तलाक कोणता आणि कागद कोणता? : वाचकांच्या सात प्रश्नांना उत्तरे

मुस्लिम वैयक्तिक कायद्याखालील विवाहविच्छेदाबद्दल या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. बहुतेक पत्रांचा शेवट "तलाक झाला की नाही, एवढेच सांगा" अशा वाक्याने होतो. याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण विवाह कोणी मोडला, कोणत्या प्रकाराने मोडला आणि त्याचा पुरावा काय, यावर मेहेर (निकाहाच्या वेळी पतीने पत्नीला देण्याची ठरलेली रक्कम किंवा मालमत्ता), इद्दत (विवाह मोडल्यावर स्त्रीने पुनर्विवाहापूर्वी थांबायचा काळ), पोटगी आणि पुनर्विवाह हे सर्व अवलंबून असते. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळून पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या पतीने जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च अशा तीन महिन्यांत नोंदणीकृत टपालाने एकेक नोटीस पाठवली. प्रत्येक नोटिशीत "मी तुला एक तलाक देत आहे" असे लिहिले आहे. तिसऱ्या नोटिशीसोबत इद्दतच्या खर्चाचा धनादेश होता. मी तो वटवलेला नाही. दोन्ही घरांची बैठक कधीच झाली नाही. एकदम तीन वेळा तलाक म्हटलेला नाही, त्यामुळे हा तलाक पक्का आहे, असे सासरचे सांगतात. हे खरे आहे का? — एक भगिनी, मिरज

उत्तर : धनादेश वटवला नाहीत, हे चांगले केलेत. तिन्ही नोटिसा त्यांच्या लिफाफ्यांसह जपून ठेवा, कारण लिफाफ्यावरच्या टपाल खात्याच्या शिक्क्याची तारीख पुढे पुराव्यात उपयोगी पडते.

पतीने आपल्या बाजूने दिलेल्या तलाकचे सुन्नी परंपरेत तीन प्रकार सांगितले जातात. पहिला तलाक-ए-अहसन. यात पत्नीच्या शुद्धीच्या काळात, म्हणजे दोन मासिक पाळ्यांच्या मधल्या दिवसांत, तलाकचा उच्चार एकदाच होतो आणि त्यानंतर इद्दतचा काळ पती-पत्नी शरीरसंबंधापासून दूर राहतात. या काळात पतीला तलाक मागे घेता येतो, आणि इद्दत संपल्यानंतर दोघांची इच्छा झाली तर नवा निकाह करून पुन्हा संसार मांडता येतो. दुसरा तलाक-ए-हसन. यात लागोपाठच्या तीन शुद्धीकाळांत एकेकदा उच्चार होतो आणि तिसऱ्या उच्चारानंतर परतीची वाट बंद होते. तिसरा तलाक-ए-बिद्दत, म्हणजे एका दमात दिलेला तिहेरी तलाक. आपल्या पतीच्या वकिलाने हसन प्रकाराचा आराखडा डोळ्यांपुढे ठेवून नोटिसा लिहिलेल्या दिसतात. परंतु तीन महिन्यांत तीन कागद पाठवले म्हणजे हसन तलाक पूर्ण झाला, हा समज बरोबर नाही.

याचे कारण 2002 सालच्या दोन निर्णयांत आहे. मे 2002 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने दगडू छोटू पठाण विरुद्ध रहिमबी या प्रकरणात असे ठरवले, की मुस्लिम पतीला मन मानेल तेव्हा आणि कारणाशिवाय पत्नीला तलाक देता येत नाही. तलाकला सबळ कारण असले पाहिजे, दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांकडून समेटाचा प्रयत्न झालेला असला पाहिजे, आणि तलाक दिल्याचे पती न्यायालयात सांगत असेल तर तलाकबरोबरच या साऱ्या पूर्वअटीही त्याने पुराव्याने सिद्ध केल्या पाहिजेत. हा निर्णय महाराष्ट्रातील प्रत्येक कनिष्ठ न्यायालयावर बंधनकारक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा यांच्या प्रकरणात हेच तत्त्व देशभरासाठी मांडले. पोटगीच्या दाव्यात पतीने आपल्या कैफियतीत "मी हिला पूर्वीच तलाक दिला आहे" असे नुसते लिहिल्याने विवाह संपत नाही, हेही त्या निर्णयात स्पष्ट झाले.

मध्यस्थांची ही अट न्यायालयांनी बाहेरून आणलेली नाही. पती-पत्नीत फूट पडण्याची भीती असेल तर एक मध्यस्थ त्याच्या घरातून आणि एक तिच्या घरातून नेमावा, असा आदेश कुराणाच्या चौथ्या सूऱ्यातील पस्तिसाव्या आयतीत आहे. बैठक झालीच नाही, असे आपण लिहिता, आणि आपल्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे.

म्हणून आपण तिन्ही नोटिसांना एकत्र लेखी उत्तर द्यावे. त्यात तलाकची कारणे मान्य नाहीत, समेटाचा कोणताही प्रयत्न झालेला नाही, आणि आपण आजही कायदेशीर पत्नी आहात, हे नमूद करावे. कोऱ्या किंवा उर्दूत लिहिलेल्या, आपल्याला न समजणाऱ्या कोणत्याही कागदावर सही करू नये. सामाईक घरात राहण्याचा हक्क 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने दिलेला आहे, त्यामुळे केवळ या नोटिसांच्या जोरावर आपल्याला घराबाहेर काढता येणार नाही. विवाह अस्तित्वात आहे अशी घोषणा करून मिळण्यासाठी कौटुंबिक न्यायालयात दावाही करता येतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण याबाबत पोलीस ठाण्यातही गोंधळ आढळतो. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी शायरा बानो प्रकरणात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने जो तलाक रद्द ठरवला, तो तलाक-ए-बिद्दत होता. 2019 च्या मुस्लिम महिला (विवाहविषयक हक्कांचे संरक्षण) अधिनियमाने जो गुन्हा ठरवला, तोही तत्काळ आणि मागे न घेता येणारा तलाक उच्चारण्याचाच आहे, मग तो तोंडी असो, लेखी असो वा मोबाइलवरच्या संदेशाने असो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. अहसन आणि हसन हे प्रकार या गुन्ह्यात येत नाहीत. औरंगाबाद खंडपीठाने 2025 साली अहसन तलाकच्या एका प्रकरणात याच कारणाने नोंदलेला गुन्हा रद्द केला. त्यामुळे या तीन नोटिसांवरून 2019 च्या कायद्याखाली फिर्याद देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. फिर्याद टिकली नाही की प्रतिपक्ष त्याचाच गवगवा करतो आणि पोटगीच्या बळकट दाव्यावरही त्याची सावली पडते. हसन तलाकच्या वैधतेलाच 2022 साली सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले, हे खरे आहे. पण आपला बचाव त्या आव्हानावर अवलंबून नाही. 2002 चे निर्णय त्यासाठी पुरेसे आहेत.

या निमित्ताने एक आठवण द्यावीशी वाटते. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकविरुद्ध मागणी घेऊन मुंबईत सचिवालयावर चालत गेल्या होत्या. त्या दिवसापासून 2017 च्या निर्णयापर्यंत एक्कावन्न वर्षे गेली. आपल्यासारख्या स्त्रीला आज टपालाने आलेल्या कागदाला उत्तर देता येते, त्यामागे त्या सात जणींची पायपीटही आहे.

प्रश्न : 1937 च्या शरीयत कायद्यात तलाकबरोबर इला, झिहार आणि लिआन असेही शब्द आहेत. आज न्यायालयात त्यांचा काही उपयोग आहे का? शिया आणि सुन्नी कायद्यात फरक कोणता? — विधी शाखेचा विद्यार्थी, लातूर

उत्तर : 1937 च्या मुस्लिम वैयक्तिक कायदा (शरीयत) लागू करणाऱ्या अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात तलाक, इला, झिहार, लिआन, खुला आणि मुबारात अशी नावे एका ओळीत आहेत. इला म्हणजे पत्नीशी चार महिने संबंध न ठेवण्याची पतीने घेतलेली शपथ, आणि झिहार म्हणजे पत्नीची तुलना आईसारख्या निषिद्ध नात्यातील स्त्रीशी करणे. हे दोन्ही प्रकार आज आपल्याकडील न्यायालयांत जवळजवळ आढळत नाहीत.

लिआनची गोष्ट वेगळी आहे. पतीने पत्नीवर व्यभिचाराचा खोटा आरोप केला, तर त्या आरोपाच्या आधारे तिला विवाहविच्छेद मागता येतो. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियमातील "मुस्लिम कायद्यात मान्य असलेले अन्य कोणतेही कारण" या शेवटच्या पोटकलमातून हा मार्ग आजही खुला आहे. आरोपाने विवाह आपोआप मोडत नाही, त्यासाठी न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. चारित्र्यावर चिखलफेक करणारी वाक्ये कैफियतीत बेपर्वाईने घालणाऱ्या पक्षकारांना आणि त्यांच्या वकिलांनाही या तरतुदीची आठवण असायला हवी.

शिया कायद्यात तलाक ठरावीक अरबी शब्दांत आणि दोन साक्षीदारांच्या समक्ष उच्चारावा लागतो, आणि तिथे तलाक-ए-बिद्दतला पूर्वीपासूनच मान्यता नव्हती. मुंबईतील बोहरा आणि खोजा समाजांच्या प्रकरणांत हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

प्रश्न : आम्ही कोकणी मुसलमान आहोत. माझ्या मुलीचा निकाह सहा वर्षांपूर्वी झाला. जावई कुवेतला आहेत. तीन वर्षे झाली, एक पैसा पाठवलेला नाही आणि ते घरीही आलेले नाहीत. फोन कधी तरी उचलतात. जमातीत विचारले तर खुला घ्या, पण त्यासाठी नवऱ्याची मंजुरी लागेल, असे सांगतात. जावई मंजुरीसाठी मुलीचे सर्व दागिने आणि वर पाच लाख रुपये मागतात. मुलीने आयुष्यभर असेच राहायचे का? — एक वडील, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपल्या मुलीला जावयाची मंजुरी विकत घेण्याची गरज नाही. तिच्यासाठी 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम आहे, आणि मुसलमान स्त्रीला पतीच्या संमतीवाचून विवाहातून बाहेर पडण्याचा रस्ता देणारा हा कायदा शहाऐंशीहून अधिक वर्षांचा जुना असूनही आपल्या मोहल्ल्यांत त्याचे नाव फार थोड्या लोकांना माहीत असते, याचे मला प्रत्येक वेळी दुःख होते.

हा कायदा कसा आला, तेही जाणून घ्या, कारण जमातीत बोलताना उपयोग होईल. सुन्नी कायद्याच्या हनफी, मालिकी, शाफई अशा शाखा आहेत. त्यांपैकी हनफी मतानुसार पती बेपत्ता झाला किंवा त्याने पत्नीला वाऱ्यावर सोडले, तरी तिला विवाह मोडून घेण्याचा व्यवहार्य मार्ग नव्हता. विवाहातून सुटण्यासाठी काही स्त्रिया धर्म सोडू लागल्या, तेव्हा उलेमांनाच चिंता वाटू लागली. मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या विद्वानांनी मालिकी मताचा आधार घेऊन यावर उपाय सुचवला, आणि पुढे केंद्रीय कायदेमंडळात काझमी यांनी विधेयक मांडले. म्हणजे हा कायदा शरीयतच्या विरोधात केलेला नाही. शरीयतच्याच एका शाखेतून घेतलेला तो दिलासा आहे, आणि पंथ हनफी असो वा आपल्यासारखा शाफई, तो सर्व मुसलमान स्त्रियांना सारखाच लागू आहे.

या कायद्याच्या दुसऱ्या कलमातील कारणांपैकी दोन आपल्या मुलीला थेट लागू पडतात. पतीने दोन वर्षे पत्नीच्या निर्वाहाची हेळसांड केली असेल किंवा निर्वाहखर्च दिला नसेल, हे एक. वाजवी कारणाशिवाय तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये पार पाडली नसतील, हे दुसरे. 1970 साली केरळ उच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तर असे म्हटले, की दोन वर्षे निर्वाहखर्च मिळाला नाही ही वस्तुस्थिती पुरेशी आहे, तो का मिळाला नाही याचा काथ्याकूट करण्याचे कारण नाही. याखेरीज पतीला सात किंवा त्याहून अधिक वर्षांची शिक्षा होणे, विवाहाच्या वेळेपासून असलेली नपुंसकता, दोन वर्षांचा वेडेपणा, आणि क्रूरता हीही कारणे कायद्यात आहेत. क्रूरतेत मारहाणीबरोबरच पत्नीची मालमत्ता विकून टाकणे आणि एकाहून अधिक पत्नी असताना समान वागणूक न देणे यांचाही समावेश आहे. अल्पवयात लावून दिलेला निकाह नाकारण्याची तरतूद त्यातच आहे.

पती चार वर्षे बेपत्ता असल्याचे कारणही त्या यादीत आहे आणि कोणीतरी आपल्याला तेच सुचवेल, पण ते घेऊ नका. जावयांचा ठावठिकाणा आपल्याला माहीत आहे, त्यामुळे ते कारण टिकणार नाही. शिवाय त्या कारणावर मिळालेला हुकूमनामा सहा महिने अमलात येत नाही. निर्वाहखर्च आणि वैवाहिक कर्तव्ये ही दोन कारणे घेऊनच दावा लिहून घ्या. बँकेच्या पासबुकाच्या तीन वर्षांच्या प्रती, जावयांचा कुवेतचा पत्ता, त्यांच्या फोनवरील संदेशांच्या छापील प्रती, आणि मुलीचा खर्च आपणच करत आहात हे दाखवणाऱ्या पावत्या गोळा करा. परदेशातील पत्त्यावर समन्स बजावण्याची पद्धत दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. त्यात वेळ जातो, पण दावा थांबत नाही. दावा कौटुंबिक न्यायालयात आणि जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायालयात करावा लागतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज पुरतो.

आता खुलाविषयी. खुला म्हणजे पत्नीच्या इच्छेने आणि सहसा तिने मेहेर सोडून किंवा परत करून होणारा विच्छेद. साबित बिन कैस यांच्या पत्नीने मेहेरात मिळालेली बाग परत देऊन विवाह मोडून घेतल्याची हदीस सर्वांना माहीत आहे. तिने घेतले तेवढेच परत केले होते. वर पाच लाख मागण्याला त्या प्रसंगात कोणताही आधार सापडत नाही. पतीची संमती नसेल तर खुला होतो की नाही, यावर परंपरेत मतभेद आहेत. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये आणि पुढे तेलंगण उच्च न्यायालयाने 2025 मध्ये पतीच्या संमतीची अट फेटाळली, आणि तेलंगणच्या निर्णयात मुफ्तींचे मत हा केवळ सल्ला असल्याचे म्हटले. महाराष्ट्रातील न्यायालये या निर्णयांचा विचार करू शकतात, पण ते त्यांच्यावर बंधनकारक नाहीत. म्हणून आपल्या मुलीने खुलाच्या वादात न अडकता 1939 च्या कायद्याचा पक्का रस्ता धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कायद्याचे पाचवे कलम सांगते, की अशा हुकूमनाम्यामुळे स्त्रीचा मेहेरवरील हक्क बाधित होत नाही. दागिने सोडण्याचा प्रश्नच उरत नाही.

हुकूमनामा मिळाल्यावर जमातीकडून वेगळा कागद घ्यावा लागेल का, असेही आपण विचारले होते. कायद्याने लागत नाही. दारुल कझा (काझींचे धार्मिक न्यायमंडळ) किंवा फतवा यांना कायद्याचे बळ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2014 मध्ये विश्व लोचन मदन प्रकरणात स्पष्ट केले. मात्र समाजातील संबंध सांभाळण्यासाठी हुकूमनाम्याची प्रत जमातीला देऊन त्याची नोंद करून घ्यावी. इद्दत हुकूमनाम्यापासून मोजावी. शाफई मतात ती तीन शुद्धीकाळांची आणि हनफी मतात तीन मासिक पाळ्यांची असते, त्यामुळे दिवसांचा हिशेब आपल्या पंथाच्या जाणकाराकडून करून घ्यावा.

प्रश्न : आम्हा दोघांनाही वेगळे व्हायचे आहे, भांडण नाही. नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केले तर चालेल का? — एक दांपत्य, मालेगाव

उत्तर : दोघांच्या संमतीने होणाऱ्या विच्छेदाला मुबारात म्हणतात. त्यासाठी न्यायालयात जाण्याची सक्ती नाही आणि हिंदू विवाह कायद्यातील सहा महिन्यांच्या थांब्यासारखी अटही नाही. परंतु नोटरी फक्त सही कोणी केली याची साक्ष देतो, विवाह मोडण्याचा अधिकार त्याला नाही. पासपोर्ट, पुनर्विवाह किंवा मालमत्तेच्या वेळी पुढे अडचण येऊ नये म्हणून आधी दोन साक्षीदारांसह मुबारातनामा लिहावा. त्यात मेहेर किती दिले, इद्दतचा खर्च किती ठरला, मुले कोणाकडे राहतील आणि त्यांचा खर्च कोण करील, हे आकड्यांत लिहावे. त्यानंतर वैवाहिक स्थिती घोषित करून मिळण्यासाठी कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 च्या सातव्या कलमाखाली संयुक्त अर्ज करावा. आपला निकाह जर विशेष विवाह अधिनियम, 1954 खाली नोंदला असेल, तर मात्र मुबारात चालत नाही. त्या कायद्याखालीच घटस्फोट घ्यावा लागेल.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मला तलाक मिळाला, मी तो मान्यही केला. तीन महिने इद्दतचा खर्च मिळाला. मेहेराचे पंचवीस हजार आजवर मिळालेले नाहीत. दोन मुले माझ्याकडे आहेत. इद्दत संपल्यावर पोटगीचा हक्क संपतो, असे सगळे सांगतात. — एक भगिनी, नागपूर

उत्तर : सगळे सांगतात ते चूक आहे, आणि ते चूक असल्याचे न्यायालयांनी अनेकदा सांगितलेले आहे.

घटस्फोटित मुस्लिम स्त्रीचा पोटगीचा हक्क मान्य करणाऱ्या 1985 च्या शाहबानो निर्णयानंतर 1986 चा मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्कांचे संरक्षण) कायदा आला आणि पतीची जबाबदारी इद्दतपुरतीच आहे, असा त्याचा अर्थ लोकांच्या मनात घर करून बसला. त्या कायद्यातील शब्द मात्र "इद्दतच्या मुदतीत वाजवी आणि न्याय्य तरतूद" असे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2000 साली करीम अब्दुल रहमान शेख प्रकरणात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 28 सप्टेंबर 2001 रोजी डॅनियल लतीफी प्रकरणात त्यांचा अर्थ लावला. तरतूद करण्याची मुदत इद्दतपुरती आहे, पण ती तरतूद तिच्या पुढील आयुष्याचा विचार करून करायची असते. तीन महिन्यांच्या किराणा-दुधाचे पैसे देऊन ही जबाबदारी फिटत नाही. 10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले, की घटस्फोटित मुस्लिम स्त्री इतर कोणत्याही स्त्रीप्रमाणे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगी मागू शकते. 1 जुलै 2024 पासून त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली आहे. आपण पुनर्विवाह केलेला नसेल आणि स्वतःचा निर्वाह करण्याची ऐपत नसेल, तर आपण जिथे राहता त्याच ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करू शकता. पतीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

मुलांचा हक्क त्याहून स्वतंत्र आहे. वडिलांनी मुलांचा खर्च दोनच वर्षे द्यायचा असतो, असे 1986 च्या कायद्यावरून सांगितले जाते, पण मुलांची पोटगी ही त्यांची स्वतःची आहे आणि ती सज्ञान होईपर्यंत मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली नूर सबा खातून प्रकरणात ठरवले आहे. आईने कोणत्याही कागदावर हा हक्क सोडून दिलेला असला, तरी तो मुलांवर बंधनकारक नसतो.

मेहेराचे काम लगेच हाती घ्या. विवाहाच्या वेळी न दिलेले मेहेर तलाकनंतर देय होते, आणि त्याच्या वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. आपली दोन वर्षे गेली आहेत. निकाहनाम्याची प्रत काझींच्या नोंदवहीतून आजच मागून घ्या.

प्रश्न : आमचे मूळ घर गोव्यात आहे. गोव्यात तलाक चालत नाही, असे ऐकले. — एक वाचक, मडगाव

उत्तर : बरोबर ऐकलेत. 1937 चा शरीयत कायदा गोव्याला लागू केलेला नाही. तेथील मुसलमानांना इतर सर्व गोवेकरांप्रमाणे पोर्तुगीज काळातील नागरी संहिता आणि 1910 चा घटस्फोटाचा कायदा लागू आहे, त्यामुळे तेथे नोंदलेला विवाह न्यायालयाच्या हुकुमानेच संपतो. पती गोव्याचा आणि पत्नी बेळगाव किंवा सिंधुदुर्गाची असेल तर कोणता कायदा लागू होतो, याचा निर्णय विवाह कोठे आणि कसा नोंदला यावरून करावा लागतो. म्हणून नोंदणीचा दाखला घेऊन गोव्यात वकिली करणाऱ्या वकिलांनाच भेटावे.

प्रश्न : माझा निकाह पुढील महिन्यात आहे. गरज पडल्यास तलाक घेण्याचा अधिकार निकाहनाम्यातच लिहून घेता येतो, असे एका मैत्रिणीने सांगितले. घरच्यांना हे अपशकुनी वाटते. — एक वाचक, पुणे

उत्तर : मैत्रिणीने योग्य सांगितले. याला तलाक-ए-तफवीज म्हणतात. तलाकचा आपला अधिकार पती पत्नीकडे सोपवतो आणि ठरलेली परिस्थिती उद्भवली की तिला तो वापरता येतो. पतीचा स्वतःचा अधिकार त्यामुळे जात नाही. ही सवलत आधुनिक नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने 1882 साली हमीदुल्ला विरुद्ध फैझुन्निसा या प्रकरणात असा करार ग्राह्य धरला होता. पाकिस्तान आणि बांगलादेशातील सरकारी निकाहनाम्यात तर अठरावा रकाना यासाठीच छापलेला असतो. मेहेर उशिरा देण्याची तरतूद लिहितानाही आपण विवाह मोडण्याची शक्यता गृहीत धरतोच. त्याला कोणी अपशकुन म्हणत नाही, हे घरच्यांना शांतपणे सांगून पाहा.

आपल्याकडील छापील नमुन्यात असा रकाना नसेल तर अटी वेगळ्या कागदावर लिहून तो निकाहनाम्याला जोडावा आणि निकाहनाम्यात त्याचा उल्लेख करावा. "पत्नीला तलाकचा अधिकार राहील" असे मोघम वाक्य पुरत नाही. दुसरा निकाह केल्यास, सलग ठरावीक महिने निर्वाहखर्च न दिल्यास, मारहाण केल्यास किंवा ठरावीक काळ घर सोडून गेल्यास, अशा परिस्थिती एकेक करून लिहाव्या, आणि त्या उद्भवल्यास पत्नी स्वतःला तलाक देऊ शकेल व तिचे मेहेर कायम राहील, असे वाक्य शेवटी असावे. अटी वाजवी आणि कायद्याला धरून असाव्यात. त्याच बैठकीत मेहेराचा किती भाग तत्काळ द्यायचा आणि किती नंतर, हेही आकड्यांत ठरवावे.

निकाहनंतर महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली नोंदणी करून घ्या. अटींच्या कागदावर वर, वधू, दोन साक्षीदार आणि काझी यांच्या सह्या प्रत्येक पानावर असाव्यात. एक मूळ प्रत काझींच्या नोंदवहीत राहावी आणि दुसरी मूळ प्रत सासरच्या कपाटात न ठेवता आपल्याजवळ ठेवावी.